कारंज्याखालचं झाकण

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

मुक्ताबाई विहीणबाईंना सरूबाईचा हात जोडून नमस्कार.

आधी उठा, डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाका, मग पुढं वाचा. टाकला? तुमच्या तनुजेला दिवस गेलेत. तिसरा लागला. तुम्ही पणजी, मीबी पणजी. तिची आई गेल्यापासून तुम्हीच तिला वाढवली, म्हणून पहिली खबर तुम्हाला. फोन केला असता, पण तुम्हाला फोनात ऐकू येत नाय आणि मी ओरडले की शेजारी गोळा होतात. म्हणून ह्या गोकुळ जीपवाल्याच्या हातात चिठ्ठी देते. चौथीतनं शाळा सुटली माझी, अक्षर सांभाळून घ्या.

दुसरी आनंदाची गोष्ट. आपला ऋतुराज सोसायटीचा चेअरमन झाला. नातजावई तुमचा, नातू माझा, निम्मा मान तुमचा. आता कृष्णाई सोसायटीचं रूप पालटणार. मोठी कमान, आणि अंगणात मधोमध कारंजं. दिव्याचं. पाणी आठ दिवसाला येतंय तिथं कारंजं म्हणजे केवढी ऐट बघा! पलीकडच्या सोसायटीतली सरदेशमुखीण आत्ताच गॅलरीतनं वाकून वाकून बघती. तिच्या मांजरीनं परवा माझं दूध सांडलं, ते निराळं.

मीटिंगमध्ये एकटाच आडवा आला, तो पहिल्या मजल्यावरचा पुंडलिक. तुमच्याच कन्नडच्या कारखान्यातनं रिटायर झालाय म्हणं. तो म्हणतो, अंगणातला हौद आतनं चिरलाय, गिलावा करा. हौदापासनं हातभर लांब ड्रेनेजचं चेंबर आहे, त्याचा जोड बघा. कमान नंतर. ऋतुराज काय म्हणाला ऐका. "काका, तुम्ही जमिनीखालचं बोलताय, लोक जमिनीवरचं बघतात." काय टाळ्या पडल्या!

हा पुंडलिक म्हणजे एक तमाशाच आहे. पाण्याच्या दिवशी सकाळी, हौद रिकामा असला की, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ब्रश घेऊन आत उतरतो. घासतो. मग पाणी भरलं की पावडर टाकतो, थोडं तळहातावर घेतो, हुंगतो, चाखतो, थुंकतो. बरं असलं तर हात वर करतो, मग मोटर चालू. नाय पटलं तर हात आडवा करतो, मोटर बंद. पंधरा वर्षं झाली, सगळी बिल्डिंग त्याच्या तोंडाकडं बघत बसती. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे. मी जातीचं काय बोलत नाय, आजकाल बोलायचं नसतं म्हणं. पण त्यानं तोंड लावलेलं पाणी मी देवाला घालायचं, हे मला पहिल्यापासून टोचतंय. आता ऋतुराज बघून घेईल.

तनुजेला आंबट लागतंय. चिंचेचा गोळा पाठवा.

तुमची,
सरूबाई

कन्नड
१९ जानेवारी २०२५

सरूबाई विहीणबाईंना मुक्ताचा नमस्कार.

गूळ खाल्ला. दोन खडे खाल्ले. डोळ्याला पाणी आलं ते पुसलं आणि लिहायला बसले. चिंच पाठवलीय, त्यात चिंचोके नायत, मी स्वतः काढलेत.

पुंडलिकभाऊंना मी वळखते. आमचे हे कारखान्यात होते तवा आम्ही कॉलनीत शेजारी ऱ्हायचो. कॉलनीचं पाणी त्यांच्याकडं होतं. एका साली रस्त्यापलीकडच्या आळीत घरोघर कावीळ झाली, तीन माणसं गेली. कॉलनीत एकाला झाली नाय. त्या साली पुंडलिकभाऊ पाण्यापाशीच झोपायचे.

ते हौदाला तोंड लावत नायत. तळहातावर घेतात. जे पाणी तुम्ही पिणार ते आधी त्यांच्या पोटात जातं. तुम्ही खाली उभं ऱ्हाऊन एकदा तरी नीट बघितलंय का? माझ्या घरात ते पाटावर बसून जेवलेत. मी त्यांच्या हातचं पाणी प्यायलेय. अजून जिती आहे.

कमान करा, कारंजं करा, मला त्यातलं काय कळत नाय. पण हौदाची चावी त्यांच्याकडंच असू द्या. त्यांचा मान ठेवा.

आणि सातवा लागला की पोरीला न्यायला येईन. पहिलं बाळंतपण माहेरात.

मुक्ता

उस्मानपुरा
१६ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र मी आमच्या भिशीत मोठ्यानं वाचलं. रागावू नका, बायकांना लई आवडलं. "ते पाण्यापाशीच झोपायचे" ह्याच्यावर तर तळमजल्यावरची राजनंदिनी खुर्चीतनं घसरली. म्हणाली, पाण्याशी लग्न लावलं असंल त्यानं. पण तुमचं एक वाक्य मी ऋतुराजला जाऊन सांगितलं. मान ठेवा. तो म्हणाला, आजी, लाख बोललीस.

आणि मान ठेवला! मागच्या रविवारी अंगणात मांडव टाकून पुंडलिकचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि एक झाडू. साधा नव्हं हो, सोनेरी रंग मारलेला, वर लाल रिबीन. ऋतुराज माईकवर म्हणाला, "पंधरा वर्षं सेवा केली, आता काकांनी विश्रांती घ्यावी. हौदाची चावी सोसायटीकडं सुपूर्द करावी." झाडू हातात देताना सगळे हसले. मीबी हसले. हसू येतंच, विहीणबाई, सोनेरी झाडू घेऊन उभा ऱ्हायलेला माणूस बघून कोणालाबी येईल. त्याची बायको खाली बघत बसली होती. नवीन साडी नेसून आली होती बिचारी, तिला वाटलं खरंच सत्कार आहे.

त्यानं खिशातली चावी काढून ऋतुराजच्या हातावर ठेवली. झाडू खुर्चीवर ठेवला. एवढंच म्हणाला, "चावी घ्या. पण झाकण उघडता येईल असं ठेवा."

झालं. दुसऱ्या दिवसापासनं काम चालू. कारंजं बरोबर हौदावर आलं, कारण अंगणाचा मध्य तोच निघाला. आता मधोमध लोखंडी गंजकं झाकण दिसलं असतं तर काय शोभा? त्याच्यावर काळं ग्रॅनाईट बसवलं. एकसंध. हात फिरवला की तोंड दिसतं. तनुजा म्हणाली, "आजी, मग हौदात उतरायचं कुठनं?" मी म्हणलं, "उतरायचं कशाला? आत काय पडलंय का तुझं?" पोर जरा फिकी दिसती, पण पहिल्या वेळेला असतंच.

चिंच संपली. अजून पाठवा.

सरूबाई

कन्नड
२२ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

चिंच पाठवली.

मी मान ठेवा म्हणलं होतं. तुम्ही झाडू दिलात. त्यांच्या बायकोचं नाव रूपा आहे. कॉलनीत आम्ही संगट पापड लाटायचो.

हौद धुणार कसा, ते तुम्ही लिहिलं नाय. ते लिहा.

पोरीला पाणी उकळून द्या. नायतर तिला आत्ताच इकडं पाठवा. सातव्याची वाट बघायची गरज नाय. आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे.

मुक्ता

उस्मानपुरा
४ मे २०२५

विहीणबाईंना नमस्कार. तुमची मधली तीन पत्रं मिळाली. उत्तराला वेळच झाला नाय, घरात नुसती धांदल.

पहिलं सांगते, डोहाळजेवण झालं! तुम्हाला बोलवायचं होतं, पण ऊन लई, आणि तुम्ही आलात की तिला घेऊनच गेला असतात, हे काय मला कळत नाय व्हय? तिला मी अजून पंधरा दिवस ठेवून घेणार. कारंज्याचं उद्घाटन आणि डोहाळजेवण एकाच दिवशी केलं. कारंज्याच्या कठड्यावर फुलांचा झोपाळा. हिरवी साडी. मागं पाणी उडतंय, निळं, मग गुलाबी, मग हिरवं. सरदेशमुखीण आली होती. जळून कोळसा झाली. एकशेवीस पान उठलं. पाणी पाजायला पिंपं भरून ठेवली होती, कोणाला कमी पडलं नाय.

आमचं स्वयंपाकघरबी नवं झालंय. त्या भिंतीवरचं पाणी गाळायचं मशीन काढून ठेवलंय. त्याची कांडी दोन वर्षं बदललेली नव्हती, तनुजा म्हणायची बदला. ऋतुराज म्हणाला, जुन्याची कांडी कशाला बदलायची, नव्या किचनला नवीनच मशीन आणू. टाईल्स बसल्यात, मशीन यायचंय.

ती काय करायची माहितीय? जिन्यात पुंडलिकनं तिला सांगितलं, पोरी, पाणी उकळून पी. तर ही रोज पातेलंभर उकळत बसायची. मी एक दिवस ओतून दिलं. आपल्या घरात त्यानं सांगितलेलं चालायचं का? उकळलेल्या पाण्याला काय चव असती? म्हणली, "आजी, मुक्ताआजीनंबी तेच लिहिलंय." मी म्हणलं, मुक्ताआजी तिकडं, तू इकडं. लई गुणाची आहे. उलटून बोलली नाय.

आता गंमत सांगते. तिला काय रंग चढलाय! मी केशराचं दूध देते रोज, त्याचा गुण. हळद लावून बसवल्यासारखी पिवळीधमक दिसती. डोळ्यातसुद्धा सोनं उतरलंय. राजनंदिनी म्हणाली, एवढं तेज म्हणजे मुलगीच. चालंल, पहिली बेटी. जेवण मात्र सुटलंय तिचं, वास आला तरी ओकती. आणि अंग मोडून आल्यासारखं झोपून असती. आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांना उन्हाचा ताप आहे, त्यातलंच असंल.

डोहाळजेवणाचा फोटो पाठवते. बघा कशी दिसती.

तुमची आनंदी,
सरूबाई

कन्नड
५ मे, दुपार

सरूबाई,

फोटो बघितला. तो रंग केशराचा नाय. ती कावीळ आहे. रस्त्यापलीकडच्या आळीत मी तो रंग बघितलाय.

गोकुळला तसाच माघारी पाठवतेय, भाडं सोडून. हे वाचलं की दुसरी ओळ वाचायच्या आधी तिला दवाखान्यात न्या. गरवार बाईला ही कावीळ सोडत नाय.

ऋतुराजला फोन लावून घेतला शेजारच्याकडनं. तो म्हणाला आजीला विचारून सांगतो.

विचारू नका कोणाला. मी निघालेय.

मुक्ता

उस्मानपुरा
३ जून २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

दवाखान्यात तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. चार दिवस एका बाकड्यावर बसलो, मधी तुमची पिशवी. मी तुम्हाला चहा आणला, तुम्ही तो बाकड्याखाली ठेवला. राग धरणार, मला कळतंय. पोरबी गेली आणि पोटातलंबी गेलं, तुम्ही राग नाय धरणार तर कोण धरणार. पण माझंबी गेलं की. मी दुपटी शिवली होती. अकरा शिवली होती. ती कपाटात आहेत, कपाट उघडवत नाय.

डागदर म्हणाला पाण्यातनं झालं. डागदरला काय, कायतरी एक सांगावंच लागतं. तिनं मार्चमध्ये गाड्यावरची पाणीपुरी खाल्ली होती, ते कोणी धरत नाय. बिल्डिंगमध्ये अजून चौदा जणांना झाली होती, ती सगळी बरी झाली. मग पाण्यानंच झाली असती तर सगळेच गेले नसते का? राजनंदिनीबी हेच म्हणती.

तरी आता आम्ही पिण्याचं पाणी जारचं घेतो. हौदाचं नुसतं भांड्याला, अंघोळीला आणि कारंज्याला.

पुंडलिक आला होता. दारातच उभा राहिला. म्हणाला, ग्रॅनाईट फोडा, मी आत उतरतो, मला झाडू नको आणि शालबी नको. झाकण कुठं आहे ते माझं मला माहीत आहे. मी त्याला पाणी विचारलं. पहिल्यांदा विचारलं हो, पंधरा वर्षांत, स्टीलच्या चांगल्या ग्लासात दिलं. तो म्हणाला, "तुमच्या घरचं पाणी नको, आजी." आणि गेला. बघा, एवढ्या दुःखातबी माणसाचा ताठा!

ग्रॅनाईट फोडायचं कमिटीनं नाय ठरवलं. तसला रंग परत मिळत नाय म्हणं. दुसरा बसवला तर ठिगळ दिसतं.

पण एक चांगलं ठरलंय, त्यासाठीच हे लिहिते. कारंज्याला तनुजेचं नाव द्यायचं. संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं. ऋतुराज जेवत नाय, बोलत नाय, पण पाटीचा नमुना समोर धरला की बघत बसतो. अक्षर जाड पाहिजे म्हणाला, लांबनं वाचता आलं पाहिजे. पंधरा जूनला सकाळी दहाला कार्यक्रम आहे. पाटीवरचा पडदा तुमच्या हातनं सरकवायचा, असं मीच सुचवलं. तुमचाबी मान आहे. जीप पाठवते. याल ना?

सरूबाई

कन्नड
७ जून २०२५

सरूबाई,

जीप पाठवू नका. मी येणार नाय.

दुपट्यांचं लिहिलंत. मी चार शिवली होती, तिच्या आईच्या लुगड्याची. ती चितेवर ठेवली. तुम्ही तवा तेराव्याचा मांडव सांगायला गेला होतात.

पडदा तुम्हीच सरकवा. एकच मागते. तुमच्या घरात पोर दिली तेवढ्यावर मागते, नाय म्हणू नका. पाटी लागली की सगळ्यांच्या समोर त्या कारंज्याचं पाणी ओंजळीत घ्या आणि प्या. पुंडलिकभाऊ दर आठ दिवसाला प्यायचे, तुमच्यासाठी. तुम्ही एकदाच. पाण्याला काय झालं नाय असं तुम्ही म्हणताच.

काय झालं ते लिहून कळवा. खोटं लिहू नका. तुम्हाला खोटं लिहायला येत नाय, तुमच्या मागच्या पत्रांत सगळं आहे. मी ती सगळी जपून ठेवलीत.

मुक्ता

उस्मानपुरा
१६ जून २०२५

विहीणबाई,

कार्यक्रम झाला. गर्दी चांगली होती. सरदेशमुखीण आली होती, ह्या वेळी ती मान वर करत नव्हती. पाटी मोठी आहे. उन्हात अक्षरं चमकतात, तिचं नाव रस्त्यावरनं वाचता येतं. ऋतुराजनं पडदा सरकवला आणि तो कठड्यावरच बसला, डोहाळजेवणाला तिला बसवलं होतं तिथंच. त्याला उठवायला दोघं लागले.

मग मी पुढं झाले. कोणाला सांगितलं नव्हतं. गुडघा दुखतो, तरी वाकले. धारेखाली ओंजळ धरली. लगेच भरली. थंड होतं. वर निळा दिवा होता, त्यानं निळं दिसत होतं.

तोंडापाशी आणलं आणि मला वास आला.

लई नव्हता. थोडा होता. मोरीला दुपारी येतो तसा. विहीणबाई, ते कळायला एक श्वास लागतो. एवढाच लागतो. पंधरा वर्षं तो माणूस खाली उभा राहून तेवढंच करत होता आणि मी वरनं बघून हसत होते. तिचं पातेलं मी ओतलं तवा मी ते मोरीतच ओतलं होतं. वाफ निघत होती त्यातनं.

मी ओंजळ सोडली. सगळं पायावर सांडलं. मागनं राजनंदिनी म्हणाली, "आजींना भरून आलं," आणि चारचौघींनी मला धरलं. मी सांगितलं नाय त्यांना. तुम्हाला सांगते.

वर बघितलं तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पुंडलिक उभा होता. हसत नव्हता. रागातबी नव्हता. मोटरपाशी उभं राहून करायचा तसा त्यानं हात आडवा केला. बंद.

कोणी बंद केलं नाय. संध्याकाळपर्यंत चालू होतं.

फोटोवाल्यानं त्याच वेळी फोटो काढला. मला आठवत नाय मी कशी उभी होते ती. पण फोटोत हसलेली आहे. पाठवते.

सरूबाई